आक्काच्या रांगोळीसाठी बगळा

"बगळा कुठाय?" आक्कानं विचारलं.

मी प्रिंटवर बोट ठेवलं.

"हा? मला वाटलं, कुणाची तरी वाळत घातलेली बनियन वाऱ्यानं उडालीय."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. साताऱ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवून ती निवृत्त झाली. निवृत्तीनंतर माणसाचं पद जातं, पगार जातो. तपासणीची सवय जात नाही. तिनं फोटो नाकाजवळ नेला, मग हातभर लांब धरला आणि नापास मुलाचा कागद परत करावा तसा माझ्याकडे दिला. चूक मला आधीच दिसली होती. तिला दिसणार नाही, एवढीच आशा होती. फोटोतलं काळं रान उत्तम आलं होतं, ढेकूळ न् ढेकूळ वेगळं काढून घ्यावं असं. आणि त्यावर, बरोबर मधोमध, पक्ष्याच्या आकाराचं एक पांढरं भोक. त्यात पीस नाही, घडी नाही, सावली नाही. पक्षी तिथं होता याचा पुरावा म्हणजे तिथली बाकी जमीन.

एरवी माझी हौस म्हणून हे खपून गेलं असतं. सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या निवृत्त प्राध्यापकानं कॅमेरा घेऊन पक्ष्यांच्या मागं लागायचं, हा आता रिवाजच आहे; फोटो बरे येण्याची अट त्यात नाही. पण हा बगळा आक्काला हवा होता, आणि रांगोळीसाठी हवा होता.

रांगोळी म्हणजे दारातले ठिपके नव्हेत. आमच्याकडं माणसाचा चेहरा जमिनीवर रांगोळीनं हुबेहूब काढणारा हात गल्लीगणिक एखादा तरी सापडतो, आणि आक्काच्या गल्लीत तो आक्काचा होता. शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला प्रमुख पाहुण्यांचा चेहरा प्रवेशद्वारात तीच काढायची. पाहुणे स्वतःच्या चेहऱ्याला आदरानं वळसा घालून आत जात. त्यांच्या मागची माणसं नाकावरून जात. त्याचं तिला दुःख नव्हतं. तिला सलायचे ते पाहुण्यांचे कपडे. चेहरा जमायचा, कपडे कधीच जमले नाहीत. पाहुणे सगळे पांढऱ्यात. रांगोळीही पांढरी. परिणामी प्रत्येक मान्यवराचं धड चुना मारलेल्या भिंतीसारखं सपाट दिसे. मान्यवरांची कधी तक्रार आली नाही, पण तिची स्वतःबद्दलची तक्रार तशीच राहिली. पांढऱ्या रांगोळीनं जगातलं सगळं काढता येतं, पांढरी वस्तू सोडून, असं ती म्हणायची. एकदा तरी ती काढायचीच होती. आणि माणूस नको; माणसं पुष्कळ झाली. उडता बगळा.

घाईचं कारण तिचे गुडघे. दोन्ही झिजले होते. डॉक्टरांनी पाडव्यानंतरची तारीख दिली होती आणि बजावलं होतं की नवे गुडघे बसले की जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसणं कायमचं बंद. म्हणजे जमिनीवर बसून काढायची ही तिची शेवटची रांगोळी. पाडव्याच्या आत ती झाली पाहिजे, आणि तिच्याही आत फोटो.

"मोबाइलवर हजार बगळे आहेत," मी म्हणालो, "एखादा बघून काढ की."

"शेजाऱ्याचं बघून काढू नका म्हणून जन्मभर पोरांना ओरडले मी. आता दुसऱ्याच्या बगळ्यावर डल्ला मारू? तुझ्याकडं कॅमेरा आहे, रिकामा वेळ आहे. जमत नसेल तर तसं सांग."

जमत नाही असं मी सांगितलं नाही. लहान भावाला ते वाक्य कोणत्याच वयात बोलता येत नाही.

कॅमेऱ्याची एक ठाम समजूत असते की जग सरासरीनं करडं आहे. समजूत वाईट नाही, माझीही साधारण तीच आहे. पण बगळा सरासरीत बसत नाही. काळ्या रानावर बगळा असला की कॅमेऱ्याला दिसतं ते जवळजवळ सगळं रानच. तो म्हणतो, फार अंधार आहे बुवा, आणि जास्तीचा उजेड आत घेतो. रान करडं होतं, बगळा जळून जातो. जळालेला भाग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लुकलुकतो, अशी एक सोय असते. माझे बगळे चोचीपासून पायापर्यंत लुकलुकत होते, गणपतीच्या मांडवासारखे.

मग मी कॅमेऱ्याला सांगून ठेवलं की तुला वाटतं त्यापेक्षा कमी उजेड घे. रानावर बगळा असेपर्यंत ते ठीक चाललं. पण तो उठून आभाळावर आला की कॅमेऱ्याला दिसणार झगझगीत आभाळ. तो स्वतःहून उजेड कमी करणार आणि वर माझी सूचनाही पाळणार. सगळ्यांचं ऐकणाऱ्या कारकुनासारखं. पुढच्या खेपेचे फोटो पाहून आक्का म्हणाली, "हा कावळा आहे. आणि आजारी आहे."

अखेर मी कॅमेऱ्याला विचारायचंच बंद करायचं ठरवलं. सूर्य मागची जमीन बघून पक्ष्यावर ऊन पाडत नाही. ऊन तेच असेल तर बगळा काळ्या रानावर असो, हिरव्या उसावर असो की आभाळात, त्याचा पांढरेपणा तोच. तेव्हा उजेडाचं माप एकदाच हातानं ठरवायचं, पांढऱ्याला सोसेल एवढं, आणि मग मागं काय येतंय-जातंय तिकडं बघायचं नाही. इतकी साधी गोष्ट समजायला मला दोन पुस्तकं आणि कॅमेऱ्यासोबत आलेली अख्खी पुस्तिका वाचावी लागली. आता हवे होते ते बगळे: जवळ, पुष्कळ, सकाळच्या तिरप्या उन्हात. आणि तसे ते एकाच ठिकाणी मिळतात, चालत्या नांगरामागं.

कऱ्हाडच्या खाली कृष्णाकाठच्या आमच्या गावी माझा चुलतभाऊ असतो. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला, आता ऊस करतो. माझ्यापेक्षा लहान, पण सगळं गाव त्याला सुभेदार म्हणतं, म्हणून मीही. उसाचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून आलेलं दुसरं पीक, तोडून गेला होता आणि आता ते रान नांगरायचं होतं. मी फोन केला.

"सुभेदार, नांगरट कधी?"

"तुमी म्हणाल तवा! आवं दादा, तुमी येताय म्हंजे काय. आयतवारी या. सकाळच्या पारी. समदी यवस्था करून ठिवतो."

यवस्था हा शब्द ऐकून मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

रविवारी पहिली एसटी धरून मी गेलो. रानाच्या बांधावर बाभळीखाली कापडी मांडव होता. त्यात टेबल, टेबलावर फुलाफुलांचं कापड, दोन खुर्च्यांच्या पाठीवर नवेकोरे टॉवेल. सोसायटीचे चेअरमन येऊन बसले होते, सरपंचबाई येणार होत्या. समोर रान होतं, काळंभोर, सुरेख, कडेपासून कडेपर्यंत नांगरून झालेलं. ट्रॅक्टर नव्हता. बगळा एक होता. लांब पाटाच्या कडेला, आमच्याकडं पाठ करून.

"सुभेदार, नांगरट?"

"काल सांच्यालाच उरकली की!" तो आनंदानं म्हणाला. "लय धुरळा उडतो दादा. तुमी शहरातली मान्सं. त्यात तुमचं ते मशीन. धुरळा आत गेला म्हंजे? म्हटलं, पावणं यायच्या आत रान चकाचक करून ठिवावं."

"आणि बगळे?"

"काल? आता काय सांगू तुमास्नी! ह्यो असा थवा. पांढरं फक. ट्रॅक्टर दिसंना. तुमी पायजे हुता राव."

पाहुण्याला त्रास होऊ नये म्हणून, पाहुणा ज्यासाठी आला तेच आदल्या दिवशी उरकून ठेवणारं अगत्य मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. त्याच्यावर रागावताही येईना. त्यानं टॉवेल नवे आणले होते.

नंतर माझा सत्कार झाला. चेअरमननी मला शाल घातली, नारळ दिला आणि पक्ष्यांवर छोटंसं भाषण केलं. त्यात पक्षी पहिल्या वाक्यात होते, पुढं सोसायटीची नवी इमारत होती. शेवटी ते म्हणाले, "आता एवढा मोठा कॅमेरा आणलाच हाय, तर हून जाऊ दे एक ग्रुप फोटो." चेअरमन, सुभेदार आणि चेअरमनांचे दोन स्नेही ओळीत उभे राहिले. चौघेही पांढऱ्यात. कडक इस्त्री, सकाळचं तिरपं ऊन, मागं काळं रान.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्या ध्यानात आलं की समोर चार बगळे उभे आहेत. तेही न उडणारे.

पहिल्या फोटोत चौघांचे सदरे लुकलुकले. मी उजेड एक घर कमी केला. चेअरमन तेवढे लुकलुकत राहिले. त्यांच्या सदऱ्याला नीळ जास्त असावी. आणखी कमी केला.

"झालं का, सर?"

"जरा हसू नका. म्हणजे हसा, पण हलू नका."

पाचव्या-सहाव्या फोटोत लुकलुकणं थांबलं. मोठं करून पाहिलं तर चेअरमनांच्या खिशावरची शिवण दिसत होती, इस्त्रीची घडी दिसत होती, घडीच्या एका अंगाला फिकट निळी सावली दिसत होती. माप सापडलं होतं. चेहरे मात्र चौघांचेही तव्याच्या बुडासारखे आले होते. मी खिशावरच्या शिवणीकडं एवढ्या प्रेमानं बघत राहिलो की चेअरमननी विचारलं, "लय चांगला आला का?"

"उत्तम," मी म्हणालो. सदऱ्यापुरतं ते खरं होतं.

परतताना आक्काला फोन केला.

"मिळाला का?"

"नाही. सत्कार झाला."

"कशाबद्दल?"

"येण्याबद्दल."

"फरशी घासून ठेवलीय मी. आभाळाचा रंग चाळून ठेवलाय. बगळा आण."

सुभेदाराला वाईट वाटलं असावं. तसं तो बोलला नाही. फौजेत वाईट वाटण्याचं खातं नसावं. पण दोन-तीन दिवसांतच त्याचा फोन आला. पाटापलीकडं भावकीतल्या एकाचं रान नांगरायचं होतं. "ह्या खेपेला यवस्था न्हाई," तो म्हणाला. "कायबी न्हाई. च्यापन न्हाई. वचन."

वचन त्यानं पाळलं. चहाची किटली त्याच्या बायकोनं पाठवली, ती हिशेबात धरायची नाही. रानात निळा ट्रॅक्टर चालू होता, मागं पलटी नांगर, आणि ट्रॅक्टरच्या छतावर लग्नाच्या वरातीला पुरेल एवढा आवाज करणारे दोन स्पीकर. चालवणारा जतकडचा, पन्नाशीचा, डोक्याला लाल रुमाल. बगळे गाण्याला दचकत नव्हते. दर वळणावर नांगराचा फाळ उसाची बुडखी उपटून पालथी करी, खालून हुमणीच्या जाडजूड पांढऱ्या अळ्या बाहेर पडत, आणि थवा त्यांच्यावर तुटून पडे.

"सुभेदार, टोपी काढ."

"आं?"

"टोपी. पांढरी आहे ना? जरा उन्हात धर."

मी त्याला जागा दाखवली. त्यानं बांधावरचा उसाचा एक दांडा रोवला, वर टोपी अडकवली आणि स्वतः शेजारी ताठ उभा राहिला, हनुवटी वर, नजर क्षितिजावर. मी टोपीचे फोटो काढायला लागलो. टोपीचा टाका दिसेपर्यंत उजेड कमी करत गेलो. तो येऊन पाठीमागून वाकून स्क्रीनवर बघू लागला.

"दादा, ह्यात माझं त्वांड कुटं हाय?"

"तोंड नको आहे. टोपीच हवीय."

"आसं हाय व्हय? मग मला कशाला हुबा केलासा उनात? टोपीनं काय गुना केलाय?" तो उपरण्यानं डोकं झाकून बांधावर बसला. "फौजंत फोटू काढायचं तवा मान्साचं काढायचं. हितं टोपीचं. उद्या चपलीचं काढाल."

"चप्पल पांढरी आहे का?"

ट्रॅक्टरवाला वळणावर ओरडला, "सुबेदार! टोपीला हार घालू का?"

माप मिळालं होतं. आता फक्त पक्षी. हे 'फक्त' फार मोठं निघालं. बगळा उडताना डौलदार दिसतो तो लांबून. जवळून तो घाईत असलेल्या माणसासारखा कसाही उठतो: मान आखडलेली, पाय लोंबते, एक पंख तोंडावर. पहिल्या तासात मी बगळ्यांच्या पाठी काढल्या, पोटं काढली, दोन बगळ्यांचा मिळून एक चार पंखांचा प्राणी काढला, आणि नुसतं रान तर किती काढलं ते विचारू नये. पण एक गोष्ट बदलली होती. एकही फोटो लुकलुकत नव्हता. पाठ असो की पोट, त्यावर पीस दिसत होतं. बगळा आभाळात गेला तरी तोच बगळा राहत होता. मी कॅमेऱ्याला काही विचारत नव्हतो, तोही मला काही सुचवत नव्हता. आमचं कधी नव्हे ते बरं चाललं होतं.

सुभेदाराचा रुसवा फार टिकला नाही. तो उठून माझ्या मागं उभा राहिला आणि सूचना देऊ लागला.

"डावीकडं तीन! कमी उंचीवर!"

"दिसलं."

"दिसलं म्हंता आन् हाणत न्हाईसा! आता उजवीकडं. आवं उजवीकडं, ती तुमची डावी झाली!"

ऊन चढत होतं. ते चढलं की पांढऱ्याचं मापही बदलतं, म्हणून मी मधूनमधून टोपीकडं वळत होतो. मी वळलो की सुभेदार आपण होऊन टोपी नीट करायचा, चुरगळली असेल तर ताणायचा. आता ते त्याचं खातं झालं होतं. खांदे भरून आले, धुळीनं दातांत कचकच सुरू झाली, कॅमेऱ्यात ती किती गेली ते बघायला मी तयार नव्हतो. सुभेदार म्हणाला, "दादा, बास करा. सावलीला बसा जरा. च्या निवला."

"पाडवा जवळ आलाय."

"मग?"

"आक्काचे गुडघे."

त्याला ठाऊक होतं. किटलीवर फडकं झाकून तो परत मागं येऊन उभा राहिला.

तो बगळा फाळाच्या अगदी तोंडाशी उतरला होता. ट्रॅक्टर अंगावर येईपर्यंत हलला नाही, मग चोचीत हुमणी धरून माझ्याच दिशेनं उठला. मी बटण दाबून धरलं. शिलाई मशीन चालवल्यासारखा कॅमेरा वाजला. सुभेदार "हाण! हाण!" करत होता. बगळा आमच्या डोक्यावरून निघून गेला.

मी सुभेदाराच्या उपरण्याची सावली करून स्क्रीन पाहिला. दोन्ही पंख पूर्ण उघडलेले. एकेक लांब पीस वेगळं, हाताची बोटं फाकल्यासारखं. पिसांच्या मुळाशी फिकट करडं, मध्ये दुधी, कडेला उन्हाची बारीक रेघ. उजव्या पंखाची सावली अंगावर पडलेली, आणि त्या सावलीतसुद्धा पांढरं पांढरंच. डोक्यावर केशराचा अगदी हलका हात. विणीचे दिवस जवळ आले की गायबगळ्यांना तो चढू लागतो. जळालेल्या फोटोंत मला तो कधी दिसलाच नव्हता.

"बगळ्याला रंग बी असतो व्हय?" सुभेदार म्हणाला. मग स्क्रीन जवळ घेऊन म्हणाला, "ह्यो टोपीमुळं आला म्हणा की."

"टोपीमुळंच."

त्यानं दांड्यावरची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर ठेवली, मघापेक्षा जरा तिरपी.

विश्रामबागेतल्या लॅबमध्ये मी फोटो मोठा छापायला टाकला. संध्याकाळी गेलो तर मालकांनी लखलखीत प्रिंट समोर ठेवली. तिच्यात पुन्हा बनियन उडत होती.

"सर, जरा डल होता," ते म्हणाले, "उजळून दिलाय. त्याचे वेगळे काही नाहीत."

"मला उजळलेला नको होता."

ते गोंधळले. त्यांचा सगळा धंदा नवऱ्या-नवरींचा. इतक्या वर्षांत, उजळ करून दिलं म्हणून तक्रार घेऊन त्यांच्या दुकानात कुणी आलं नसणार. मी त्यांच्या कॉम्प्युटरशेजारी स्टूल ओढून बसलो.

"आहे तसा छापा."

"डल दिसेल."

"दिसू दे."

"पार्टी म्हणते, लॅब बरी नाही."

"मागं शिक्का मारू नका."

दुसरी प्रिंट निघेपर्यंत मी हललो नाही. प्रिंट हातात देताना ते एवढंच म्हणाले, "पिसं दिसतात खरी." मग पहिल्या लखलखीत प्रिंटकडं त्यांनी जरा खिन्नपणे पाहिलं. त्यांना अजून तीच आवडत होती.

साताऱ्यात आक्कानं प्रिंट खिडकीत नेली. चष्मा काढला, घातला. मी उभाच होतो. बसायला सांगितलं नव्हतं.

"डाव्या पंखाचा शेंडा कापलायस."

"बोटभर."

"पक्षी काय शेंडा घरी ठेवून उडतो?"

"आक्का, मी परत जातो. सुभेदार दुसरं रान—"

"कशाला? शेंडा मी घालीन. टक्कल पडलेल्या निम्म्या पाहुण्यांना केस मीच घातलेत." तिनं प्रिंट भिंतीला टेकवून ठेवली आणि पदर खोचला. "बाकी आहे सगळं ह्यात. बस आता, वाट्या काढ."

तिच्या बैठकीच्या खोलीत तिनं पंख जवळजवळ भिंतीपासून भिंतीपर्यंत आखले. कडेनं जेमतेम एक माणूस सरकेल एवढी पट्टी सोडली. मार्च असून पंखा बंद, खिडक्या बंद. माझं काम चाळायचं. निळसर करडा, पिवळट करडा, राखेचा, ताकाचा, असे आठ-दहा वाट्यांत रंग मांडलेले. त्यांतली खरी पांढरी एकच वाटी, आणि तिला शेवटपर्यंत हात लावायचा नाही असा हुकूम. सगळा पक्षी तिनं करड्यातून उभा केला. मी दोनदा विचारलं, पांढरं कधी? दोन्ही वेळा तिनं राखेची वाटी पुढं ओढली.

अंग झालं, उजवा पंख झाला. पाडव्याच्या आदल्या दिवशी डाव्या पंखावर आली आणि गुडघा धरला. तिला सरळही होता येईना, वाकताही येईना. मी काखेत हात घालून उठवलं, खुर्चीवर बसवलं. चेहरा घामानं भरला होता.

"आक्का, राहू दे. एवढं झालंय ते पुष्कळ आहे."

"एका पंखानं?"

"लोकांना कळेल बगळा आहे ते."

"मला कळणार नाही." पाणी प्याली. "माळ्यावर फळी आहे, लांब. आणि देवघरातले दोन पाट घे."

पाटांवर फळी टाकून रांगोळीवर पूल केला. फळीवर गोधडी. आक्का त्यावर पालथी पडली आणि हात खाली सोडून पंख काढू लागली. मी तिच्या मापानं फळी सरकवत होतो, पाट उचलताना रांगोळीचा कण हलू नये म्हणून श्वास धरत होतो. तिच्या मानेची शीर ताठली होती. तासभर काढायची, अर्धा तास तशीच गालावर पडून राहायची, परत काढायची.

कापलेला शेंडा तिनं घातला. तो कुठून सुरू झाला, हे प्रिंट शेजारी धरूनही मला सांगता आलं नाही.

मग ती खरी पांढरी वाटी मागितली. चिमूट-चिमूट करत पंखाच्या वरच्या कडेनं एक रेघ, चोचीजवळ थोडं, पाठीवर एक झुळूक. वाटी निम्म्याहून जास्त शिल्लक राहिली. आणि खोलीच्या मधोमध बगळा उन्हात आला.

पाडव्याला गल्ली लोटली. प्रभागातल्या एका होतकरू पुढाऱ्यांनी निरोप पाठवला की फीत लावा, आम्ही उद्घाटनाला येतो. आक्कानं दारातल्या खुर्चीवरूनच उलटा निरोप दिला, "फितीची सावली पंखावर पडेल. तसेच या." ते आले नाहीत.

ठरल्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. सगळं नीट झालं. घरी आल्यावर तिला चालवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. झोपायची खोली आत, संडास पुढं, मध्ये बैठकीची खोली. म्हणजे दरवेळी रांगोळीच्या कडेच्या पट्टीवरूनच जायचं. वॉकरचे चार पाय, तिचे दोन. मी म्हटलं, आता पुसायला हवी. बघणाऱ्यांनी बघितली, फोटोही काढून ठेवलेत.

फिजिओथेरपिस्ट मुलीनंही तेच सुचवलं. "आजी, जागा मोकळी झाली तर चालायला सोपं जाईल."

"सोपं गेलं की मी घाई करते," आक्का म्हणाली. "हा आहे म्हणून पाय बघून टाकते."

मुलीनं तिच्या चालण्याकडं नीट पाहिलं आणि वॉकर तिच्या पुढ्यात धरला. आक्कानं वॉकर उचलला, पंखाच्या शेंड्यापासून वीतभर अंतर राखून खाली टेकवला, आणि पुढचं पाऊल टाकलं.